हात ओले होते

चुकीची मुलगी उठून स्टेजकडे निघालीय हे मला स्पष्ट दिसलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. झालं ते एवढंच. बाकी सगळं, म्हणजे आठवडाभर ऑफिसात कुणी मागून हाक मारली की दचकणं, जेवताना बायको नुसतं 'अहो' म्हणाली तरी चोरी पकडल्यासारखं तिच्याकडे बघणं, हे सगळं त्या टाळ्यांमधून निघालंय. 'थांबा, चुकलं माझं.' एवढंच म्हणायचं होतं. दूध सांडलेलं पोरसुद्धा म्हणतं. माझ्यासमोर माईक होता, अजून चालू होता, आणि बोलणं हा तर माझा धंदाच आहे, त्याचा पगार मिळतो मला. तरी मी माईकपासून एक पाऊल मागे सरकलो आणि दोन्ही हात चांगले वर उचलून, सगळ्यांना दिसतील असे, टाळ्या वाजवल्या.

आज शनिवार. दुपारी त्या मुलीची मुलाखत आहे आणि तिला तिथे घेऊन जायचं काम, साहजिकच, माझ्याकडे आहे. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. दातांच्या डॉक्टर. दवाखाना कधीच बंद केला, पण अजून बोलताना समोरच्याच्या तोंडातच बघतात. 'अहो, तुमचं भाषण पाहिलं मी मोबाईलवर,' त्या म्हणाल्या. 'हातात कागद नाही, काही नाही, आणि काय बोललात! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. किती जीव लावता हो तुम्ही त्या मुलांना.' मी म्हटलं, 'छे हो, कसलं काय.' हे मला छान जमतं, हे मान थोडी तिरपी करून 'कसलं काय' म्हणणं. 'आणि त्या मुलीचं नाव किती गोड आहे!' त्या म्हणाल्या. तळमजला आला. मी दार धरून त्यांना आधी जाऊ दिलं आणि आतच उभा राहिलो. दार लागलं. वर कुणीतरी बटण दाबलं असणार, कारण मी पुन्हा वर निघालो.

लिफ्टच्याच कंपनीत आहे मी. लिफ्ट दुरुस्त करता येत नाही, पण दुरुस्त करणाऱ्यांना बोलायला शिकवतो. माणूस लिफ्टमध्ये अडकला, अंधार झाला, श्वास कोंडला असं त्याला वाटायला लागलं, की बाहेरून आपला माणूस त्याच्याशी फोनवर बोलतो. काय बोलायचं, ते मी शिकवतो. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, घाबरू नका असं कुणाला म्हणू नका, त्याने माणूस जास्त घाबरतो. आधी नाव विचारा. मग प्रत्येक वाक्यात ते नाव घ्या. साहेब नाही, मॅडम नाही, नाव. आपण कोण आहोत हे बाहेरच्या एका तरी माणसाला ठाऊक आहे, एवढं कळलं तरी आतला माणूस तग धरतो. हे सांगताना मी फळ्यावर 'नाव' असं मोठं लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. दर वेळी मारतो. आता सोमवारी नवी तुकडी आहे आणि मला तो खडू हातात धरवणार नाही.

त्या शाळेत मी गेलो ते कंपनीनेच पाठवलं म्हणून. दर शनिवारी, एका मोठ्या माणसाला शाळेच्या शेवटच्या वर्षातली सहा मुलं. एकास एक द्यायला तेवढे मोठे कुठून आणायचे, म्हणून गट. 'तुम्ही शिकवायचं नाही,' समन्वयक बाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, 'तुम्ही ऐकायचं. आणि मुलांना एकमेकांचं ऐकायला लावायचं. शेवटी ती एकमेकांना धरून चालायला लागली की तुमचं काम झालं.' शाळेची विज्ञानाची प्रयोगशाळा आम्हाला मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. बेसिन सगळी जागेवर, नळ एकालाही नाही. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा, त्याचा एक हात कुणीतरी केव्हाच नेला. गणिताच्या मास्तरांची जागा रिकामी, तर खेळाचे मास्तर गणित घेत आणि जिथे अडेल तिथे मुलांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावत. मुलं हे मला अगदी खूश होऊन सांगायची.

टोपणनावांची कल्पना माझी. केवढा फुशारलो होतो मी तेव्हा. शाळेतल्या नावाला काय काय चिकटलेलं असतं, मी म्हटलं, मार्क चिकटलेले असतात, कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ, कुठल्या गल्लीतला, सगळं. ते दाराबाहेर ठेवा. इथे प्रत्येकाने नवं नाव घ्यायचं. मग एक झाला रेडिओ, कारण तो बंदच व्हायचा नाही. एक भूगोल, त्याला शहरातला प्रत्येक बोळ पाठ. वादाला कधी कमी न पडणारी वकीलसाहेब. सगळ्यांत बुटकी ती पावशेर, हे तिने स्वतःच घेतलं आणि वर म्हणाली, 'दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी आपणच म्हटलेलं बरं.' पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून कसलीही चाल वाजवणारी शिट्टी. आणि तिच्या शेजारी, कायम तिच्या शेजारी, सगळं सावकाश करणारी, सावकाश बोलणारी गोगलगाय. दुसरा नियम डस्टरचा. फळा नव्हता पण डस्टर होता, लाकडी, खालचं कापड गेलेलं. तो ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, चूक काढायची नाही. आणि गोलात बोललेलं गोलातच राहील. हेही मीच सांगितलं होतं. हात छातीवर ठेवून सांगितलं होतं.

गोगलगायीने डस्टर कितीतरी शनिवार नुसता हातात धरला आणि पुढे दिला. मग एकदा दिला नाही. धरून बसली. आम्ही थांबलो. रेडिओसुद्धा गप्प बसला, यावरून काय ते समजा. मग ती खाली डस्टरकडे बघत म्हणाली की बाबांची एक बाजू गेलीय. इमारतींना बाहेरून रंग लावायचे ते, दोरीवर लटकून, तिथून कधी पडले नाहीत आणि घरात पडले. आई लाँड्रीत कामाला जाते, दुहेरी पाळी करते, तेव्हा बाबांना कूस बदलून देणं, पुसून काढणं, खुर्चीत बसवणं हिच्याकडे. 'ते जड आहेत,' ती म्हणाली. 'मी अंदाजाने उचलते. कधी कधी त्यांना दुखतं, पण ते सांगत नाहीत. मला हे नीट शिकायचंय. अंदाजाने नको.' आणि डस्टर शिट्टीकडे दिला. शिट्टीने तो मांडीवर ठेवला आणि नुसता तिचा हात धरला. मला, खरं सांगतो, गहिवरून आलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त त्या गहिवरातच माझ्या डोक्यात दुसरीकडे कुठेतरी एक वाक्य जुळत होतं, 'दोरीवरून कधी न पडलेला माणूस', आणि मला कळत होतं की हे वाक्य चांगलं आहे, हे कुठेतरी बोलता येईल. तसा आहे मी. कुणाच्या घरी सांत्वनाला गेलो तरी माझ्यातला एक जण उंबऱ्यावर उभा राहून आपण कसे बोललो ते ऐकत असतो.

त्या शनिवारनंतर काही दिवसांनी समन्वयक बाईंचा फोन आला. दूरच्या निवासी कॉलेजात एक जागा आहे, राहणं-जेवण-शिकणं सगळं त्यांचं, पुढे फिजिओथेरपीला जायचा रस्ता. प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या एका मुलाबद्दल समारंभात दोन मिनिटं बोलायचं, त्यांतून एकाची निवड आणि मग कॉलेजची मुलाखत. 'जागा एकच आहे हो,' त्या म्हणाल्या, 'तेव्हा चांगलं बोला.' मला विचारायचीही गरज वाटली नाही. समारंभात तुझ्याबद्दल बोलणार आहे एवढंच गोगलगायीला सांगितलं, नाही विचारलं की बाई गं, तुझं हे चार लोकांत सांगू का. तिच्या भल्याचंच तर होतं. समारंभाच्या सकाळी बाईंनी गटाच्या खऱ्या नावांची यादी पाठवली, स्टेजवर टोपणनाव कसं चालेल म्हणून. मी चहा पिता पिता ती बघितली. दोन मुलगे, चार मुली. आणि कोणती कोण हे मला माहीत नव्हतं. वर्ष झालं होतं. पावशेरला काय आवडतं, वकीलसाहेबांचं आईशी का पटत नाही, शिट्टीचा बाप किल्ल्या बनवतो आणि तिला पुढे कुलपांच्या कारखान्यात चिकटवायचं म्हणतो, सगळं ठाऊक होतं, पण त्या चार नावांपुढे मी ढिम्म. फोन हातात होता. बाईंना विचारायचं, नाहीतर सरळ रेडिओला. पण विचारायचं कसं? वर्षभर पोरांच्या आतड्यापर्यंत पोचल्याच्या गप्पा मारायच्या आणि आता म्हणायचं, ती सावकाश बोलणारी आहे ना, तिचं नाव काय? लाज वाटली. म्हणून आठवत बसलो. मागे एकदा शिपाईमामांनी प्रयोगशाळेच्या दारातून एक नाव पुकारलं होतं आणि त्या दोघी एकदम उठल्या होत्या. त्या उठायच्याच एकदम. त्यांतली गोगलगायच ती, असं मी ठरवून टाकलं. कशावरून? नाव तिला शोभत होतं यावरून. मऊ नाव आहे. मीही अंदाजानेच उचललं.

आणि मग तो हॉल, ते भाषण. माझ्यासारखं कुणी बोललं नाही, हे आत्ताही सांगितल्याशिवाय राहवत नाही, बघा. दोरीवरून कधी न पडलेला माणूस घरात पडला, इथे हॉल शांत झाला. मुलगी त्याला त्याच्या श्वासाबरोबर उचलते, इथे पहिल्या रांगेतल्या कॉलेजच्या प्राचार्यबाईंनी चष्मा काढला. मी थांबलो. थांबायचं कुठे ते मला कळतं. मग नाव घेतलं. आणि शिट्टी उठली. नाव तिचंच होतं, ती दुसरं काय करणार? अर्धवट उठून तिने शेजारी बघितलं, गोगलगायीने तिला कोपराने हळूच ढकललं, आणि ती निघाली. त्या ढकलण्यापर्यंत मला वेळ होता. त्यानंतरही होता. ती पायऱ्या चढेपर्यंत होता. प्राचार्यबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि माईकमधून विचारलं, 'बाबा कसे आहेत आता, बाळा?' शिट्टीचा बाप मागे बसला होता, धडधाकट, हातावर किल्ल्यांच्या कानशीचे चरे. शिट्टी म्हणाली, 'बरे आहेत.' हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या स्टेजवर त्या दिवशी बोललेलं तेवढंच एक खरं होतं. खाली गोगलगाय टाळ्या वाजवत होती. सावकाश, पण वाजवत होती. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती बघत होती, मी आता काहीतरी बोलेन म्हणून. मी टाळ्या वाजवल्या.

गेटबाहेर शिट्टीच्या बापाने मला गाठलं. मला वाटलं हा आता कानाखाली वाजवणार, आणि वाजवली असती तर बरं झालं असतं. त्याने हात जोडले. 'साहेब, मी मुलाखतीला येऊ नये ना?' तो हळूच म्हणाला. मला क्षणभर कळेना. 'नाही, म्हणजे मी असा उभा दिसलो तर घोळ होईल. पोरीचं भलं होतंय तर मी आजारी बरा.' आणि हसला. मान खाली घालून, स्वतःच्या दोन्ही धड पायांकडे बघत हसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी कायम खांद्यावर हात ठेवतो लोकांच्या. तो गेला तेव्हा थोडा लंगडत गेला असं मला वाटलं, पण तो माझ्याच मनाचा खेळ असेल.

लहानपणी आमचे वडील मला दादाच्या नावाने हाक मारायचे. दादा हुशार, त्याचं नाव त्यांच्या तोंडात बसलेलं, मी त्याच्या मागून आलेला. पहिल्यांदा मी सांगायचो, बाबा, मी तो नाही. मग सोडून दिलं. ओ द्यायला लागलो. सांगायला काय हरकत होती? पण आपण सांगितलं की समोरचा ओशाळतो, मग त्या ओशाळलेपणाचा राग आपल्यावरच निघतो, त्यापेक्षा ओ दिलेली बरी, हे पोरांना फार लवकर कळतं. एकदा आत्याने दादासाठी विणलेला स्वेटर वडिलांनी मला घातला, 'तुझ्यासाठीच पाठवलाय आत्याने' म्हणाले, दादाचं नाव घेऊन म्हणाले, आणि मी हिवाळाभर बाह्या दुमडून तो वापरला. दादा बघायचा. दादाही कधी बोलला नाही. मला वाटायचं हे सगळं माझ्यात इतकं खोल गेलंय की मी कुणाच्या बाबतीत असं करणं शक्यच नाही. माणसाला आपल्या जखमेचा केवढा भरवसा असतो.

मी काहीच केलं नाही असंही नाही. मंगळवारी समन्वयक बाईंना फोन लावला. जिन्यात उभा राहून, कुणी ऐकू नये म्हणून. म्हटलं, घोळ झालाय, भाषण एका मुलीबद्दल होतं आणि नाव दुसरीचं गेलं. मला वाटलं त्या चिडतील, आढेवेढे घेतील, मला भांडावं लागेल, आणि भांडून का होईना मी मोकळा होईन. 'अगंबाई!' त्या म्हणाल्या. 'अहो, मग लगेच सांगायचं ना! यादी गुरुवारी वर जाते. मी आत्ता बदलते. खरी मुलगी कोणती? नाव सांगा.' त्यांच्या पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. 'हॅलो? नाव?' खाली कुणीतरी सामान ओढत होतं. यादीत तीन नावं उरली होती आणि त्यांतलं तिचं कुठलं, मला ठाऊक नव्हतं. 'मी... मी पाच मिनिटांत करतो फोन,' म्हणालो आणि ठेवला. ती पाच मिनिटं अजून संपायचीयत.

बुधवारी ऑफिसातून लवकर निघून शाळेच्या गेटपर्यंत गेलो. शिपाईमामा स्टुलावर बसून पायाला तेल चोळत होते. त्यांना सगळ्या पोरांची नावं पाठ, बापांचीही. फक्त विचारायचं होतं. त्यांनी मला बघून उठायला सुरुवात केली, 'या साहेब, आज वाट चुकलात?' आणि मी म्हणालो, 'मामा, पाण्याची टाकी साफ केली का हो?' ते म्हणाले, 'केली की.' 'हां,' मी म्हटलं. 'तेवढंच विचारायचं होतं.' परत आलो. घरी बायकोला अर्धंच सांगितलं, गटातल्या एका मुलीच्या नावाचा घोळ झालाय म्हणून. 'मग विचारा की तिलाच,' ती म्हणाली, भाजी निवडता निवडता. म्हटलं, वर्ष झालं गं, आता कसं विचारायचं? ती हसायला लागली. 'माझ्या मावशीला तुम्ही लग्नापासून आत्या म्हणत आलात. ती बिचारी ओ देत राहिली. तिच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही उशाशी बसून आत्या, आत्या करत होतात आणि ती हूं हूं करत होती.' मला हे माहीतच नव्हतं. 'मग तू का नाही सांगितलंस?' मी विचारलं. ती हसायची थांबली. 'तुम्ही इतकं मनापासून म्हणत होतात,' ती म्हणाली, 'काय सांगणार?' शुक्रवारी बाईंचा निरोप आला, तुमचा फोन आला नाही तेव्हा यादी तशीच वर गेली, आता बदल करायचा तर मुलाखतीतच सांगावं लागेल, पण मग जागा बहुतेक दुसऱ्या शाळेला जाईल, बघा. निरोप वाचून माझा जीव भांड्यात पडला. हे सगळ्यात वाईट. कारण आता न बोलण्याला एक चांगलं कारण मिळालं होतं, मुलींच्या हिताचं कारण.

तर असा मी आज शाळेत शिरलो. शनिवारी वर्ग नसतात, व्हरांड्यात नुसता माझ्याच बुटांचा आवाज. वेळेच्या आधी पोचलो होतो, शिट्टी एकटी भेटेल, तिला काय ते सांगता येईल, काय सांगणार होतो देव जाणे. पण प्रयोगशाळेतून बोलणं ऐकू येत होतं. दार लोटलेलं होतं, फटीतून दिसत होतं. सगळे होते. पाच जण गोलात आणि मध्ये शिट्टी खुर्चीवर, कुणाचा तरी कडक पांढरा ड्रेस घालून, हातात डस्टर. वकीलसाहेब प्राचार्यबाई झाली होती, भूगोलचा चष्मा तिच्या नाकावर. 'बाबा पडले तेव्हा तू काय करत होतीस, बाळा?' तिने विचारलं. 'मी... मी शाळेत होते,' शिट्टी म्हणाली.

'नाही,' गोगलगाय म्हणाली. 'तू घरी होतीस. भांडी घासत होतीस. ते दाराला धरून उभे होते, त्यांनी तुला हाक मारली. तू धावलीस. हात धरलास त्यांचा. पण तुझे हात ओले होते, साबणाचे, त्यामुळे सुटला. ते सांग. ते सांगितलंस ना, मग त्या पुढे काही विचारणार नाहीत.'

हे तिने गोलात कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं नव्हतं. मला नव्हतं सांगितलं, म्हणून माझ्या भाषणात नव्हतं. शिट्टी डस्टर घट्ट धरून बसली होती. 'हे नको गं,' ती म्हणाली, 'हे तुझं आहे. हे मी नाही सांगणार.' 'मग त्या ओळखतील ना, येडे,' गोगलगाय म्हणाली, 'नुसतं सरांनी सांगितलं तेवढंच सांगितलंस तर ते ऐकीव वाटतं.' रेडिओने तेवढ्यात मला बघितलं. 'सर आले,' तो म्हणाला, आणि सगळे उठले. माझ्यासाठी खुर्ची ओढली गेली. पावशेरने फडक्याने पुसलीसुद्धा.

मी बसलो नाही. म्हणालो, किंवा बोलायचा प्रयत्न केला, कारण माझा तो कमावलेला आवाज मला कुठे सापडेना, की मी चुकलो. त्या दिवशी स्टेजवरच बोलायला हवं होतं. आज मी तिथे जाऊन सगळं खरं सांगणार आहे. 'सांगून काय होणार, सर?' वकीलसाहेबांनी चष्मा काढला. 'दोघींचंही जाईल. आम्ही बाईंना फोन केला होता काल.' त्यांनी फोन केला होता. त्यांना विचारायला लाज वाटली नव्हती. मी गोगलगायीकडे बघितलं. म्हटलं, 'तुला हवी होती ना ती जागा?'

'हो,' ती म्हणाली. लगेच म्हणाली, सावकाश नाही. 'खूप हवी होती, सर. मी घरी सांगूनही टाकलं होतं, की सर आज माझ्याबद्दल बोलणार आहेत. मावशी राहायला यायला तयार झाली होती, बाबांचं करायला.' मग म्हणाली, 'तुम्ही टाळ्या वाजवल्यात ना, तेव्हाच मला कळलं, की आता तुम्ही नाही सांगणार. मग हिचं तरी वाया कशाला घालवायचं? हिला त्या कुलपांच्या कारखान्यात नाही जायचं.' शिट्टी रडत होती, पांढऱ्या ड्रेसला लागू नये म्हणून पुढे वाकून रडत होती, आणि गोगलगाय तिची पाठ चोळत होती. समन्वयक बाईंनी सांगितलं होतं तसंच, एकमेकांना धरून. माझं काम झालं होतं.

मी हात पुढे केला. शिट्टीने डस्टर माझ्या हातात दिला. ओला होता, तिच्या घामाने. वर्षभरात तो माझ्या हातात कितीदा आला आणि मी किती बोललो त्यावर. आता सगळे गप्प बसले, नियमाप्रमाणे, कुणीही मध्ये बोलणार नव्हतं, कुणीही माझी चूक काढणार नव्हतं. मी गोगलगायीसमोर गुडघ्यावर बसलो, कारण उभं राहून ते विचारता येणार नव्हतं. 'तुझं नाव काय?' मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोडल्यासारखं दिसलं. तिला वाटलं असणार, की मी नुसता गोंधळलो होतो, माईकसमोर नाव चुकून वेगळं आलं तोंडात. तिला हे आत्ता कळत होतं, की मला ते कधी ठाऊकच नव्हतं. तिने तोंड उघडलं, मग शेजारी शिट्टीकडे बघितलं, ती अजून हुंदके देत ओठ हलवून पाठ करत होती, दाराला धरून उभे होते, मी धावले, साबणाचे हात.

'आत्ता नको, सर,' गोगलगाय हळूच म्हणाली. 'तिचा गोंधळ होईल.' आणि माझ्या हातातून डस्टर घेऊन तिने शिट्टीच्या मांडीवर ठेवला. 'चल, पुन्हा. हात ओले होते, तिथून.'